एकच जागा, एकच प्रश्न, वेगवेगळी हवा

टिपकागद

एकटं बाहेर जाऊन बसलं की माणूस स्वतःला भेटतो, असं सगळेच सांगतात. मला ते अर्धंच पटतं. स्वच्छ ऊन पडलंय, अंगावर सुखाचा वारा येतोय, नजर लांबवर जातेय, अशा वेळी जो भेटतो तो बहुतेक आपला सुट्टीवरचा अवतार असतो. मोठ्या मनाचा, सगळ्यांना माफ करून मोकळा झालेला, सोमवारपासून आयुष्य बदलायला निघालेला. त्याच माणसाला वारा पडलेल्या, कुंद, घामट दुपारी त्याच दगडावर बसवा. तो वेगळंच काहीतरी सांगू लागतो, आणि तेही तितक्याच खात्रीने.

यातला खरा कोण? माझं मत, एकट्यादुकट्याच्या साक्षीवर निकाल देऊच नये. सगळ्यांच्या जबान्या घ्याव्यात आणि मग बघावं.

मी करतो ते अगदी साधं आहे. जागा एकच, घरापासून चालत जाता येईल अशी. लांबची सुंदर जागा नको, कारण तिथे आपण चांगली हवा बघूनच जातो. प्रश्नही एकच, महिनोन्‌महिने तोच. गेल्यावर आधी वहीत हवा लिहायची: आभाळ कसंय, वारा कुठून येतोय, अंगाला काय वाटतंय. मग थोडा वेळ नुसतं बसायचं. आणि शेवटी प्रश्नाचं त्या क्षणाला जे उत्तर सुचेल ते दोन-तीन ओळींत. मागची पानं चाळायची नाहीत. ऋतू पालटला की सगळं एका बैठकीत वाचायचं.

उदाहरण देतो. सध्याच्या कामातून बाहेर पडावं का, हा माझा प्रश्न होता. पाऊस होऊन गेल्यावरच्या धुतलेल्या सकाळी लिहिलेलं होतं, "घाई काय आहे, चाललंय ते छान चाललंय." उकाड्यातल्या नोंदीत "उद्याच राजीनामा". धुकं होतं त्या दिवशी, "ठरवायला पुरेसं दिसत नाहीये" (हे काम होतं की धुकं, देव जाणे). सोसाट्याच्या वाऱ्यात तर अक्षरही धड नाही. म्हणजे मुख्य प्रश्नाचं उत्तर हवेबरोबर गरगर फिरलेलं. पण वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. नवीन आलेल्या मुलांना शिकवायचं राहून जाईल, हे वाक्य जवळपास प्रत्येक नोंदीत कुठेतरी होतं. राजीनाम्याच्या नोंदीतही, कडेला, तिरकं लिहिलेलं. तेवढं एक कुठल्याही हवेत विरघळलं नाही. मी काम सोडलं नाही, पण त्यातला शिकवण्याचा भाग मागून घेतला.

तुमच्यापैकी कुणी असं काही करतं का? हवा बदलली की स्वतःबद्दलचं मत बदलतं, हा अनुभव आहे का?

वेधशाळा

धागा आवडला. तुमच्या "आधी हवा लिहायची" या नियमाला एक जुना आणि गाजलेला आधार आहे.

1983 साली नॉर्बर्ट श्वार्झ आणि जेराल्ड क्लोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी लोकांना फोन करून विचारलं की एकूण आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात. काहींना लख्ख उन्हाच्या दिवशी, काहींना पावसाच्या दिवशी. पावसात उत्तरं उतरलेली आली. खरी मजा पुढे आहे. काही जणांना मूळ प्रश्नाच्या आधी सहज विचारलं, "तुमच्याकडे हवा कशी आहे?" एवढं विचारल्यावर पावसाचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. मन खट्टू आहे ते पावसामुळे, हे एकदा ध्यानात आलं की माणूस त्याचं खापर आयुष्यावर फोडत नाही.

तुमच्या वहीतली पहिली ओळ नेमकं तेच काम करत असणार.

खडूस

वेधशाळाबुवा, अर्धीच गोष्ट सांगितलीत. 2013 मध्ये रिचर्ड लुकास आणि निकोल लॉलेस यांनी अमेरिकेतल्या दहा लाखांहून जास्त लोकांची उत्तरं त्या त्या दिवसाच्या हवामानाशी ताडून पाहिली. आयुष्याच्या समाधानावर त्या दिवसाच्या हवेचा भरवशाचा असा काही परिणाम सापडला नाही. 1983 चा प्रयोग मोजक्या लोकांवरचा होता. तेव्हा धाग्याचा पायाच ठिसूळ आहे. ह.घ्या. (हलकेच घ्या), पण घ्या.

टिपकागद

खडूस, हरकत बरोबर जागी घेतलीत. पण दहा लाखांची सरासरी काढल्यावर कुणाचं पावसात उतरतं, कुणाचं पावसात चढतं, ते एकमेकांत फिटून जातं. शिवाय "आयुष्य एकूण कसं चाललंय" याचं उत्तर आपल्याकडे तयार असतं, फोनवर विचारलं तरी तेच देतो. मी बोलतोय ते अशा प्रश्नांबद्दल ज्यांचं उत्तर अजून शिजलेलंच नाही. आणि पाया म्हणाल तर माझा पाया त्या प्रयोगावर नाही, माझ्या वहीवर आहे. एकाच माणसाची वही म्हणजे शास्त्र नव्हे हे मान्य. पण मला शास्त्र सिद्ध करायचं नाहीये, मला माझं ठरवायचंय.

वेधशाळा

+१. खडूस यांचा संदर्भ बरोबर आहे, मीच तो आधी द्यायला हवा होता म्हणा. दोन्ही एकदम खरं असू शकतं. समाजाच्या पातळीवर परिणाम दिसत नाही म्हणून एका माणसाच्या एका दुपारी तो नसतोच, असं होत नाही.

अर्धवट

मी काल लगेच प्रयोग केला. वारा बंद, घामाच्या धारा. आत्मचिंतन शून्य, डासांचं चिंतन भरपूर. नोंद: "मी मुळात वाईट माणूस नाही पण आत्ता एकेकाला चिरडतोय."

झुळूक

धागा छान आहे, पण यात गृहीत धरलेली एक गोष्ट कुणीच बोललेलं नाही म्हणून लिहिते. एकटं बाहेर जाऊन बसायचं ठरवलं की माझा पहिला प्रश्न हवा कशी आहे हा नसतो. आजूबाजूला कोण आहे, हा असतो. अंधार किती वाजता पडेल, परतीची वाट कुठून, हाक मारली तर कुणाला ऐकू जाईल, हे सगळं मागे चालू असतं. धुक्यात तुम्हाला अंतर्मुख व्हायला होत असेल. मला धुक्यात पावलांचे आवाज मोजायची सवय आहे.

त्यातूनही मी जाते, आणि जायचं सोडणार नाही. पण माझी जागा निर्जन नाही. लोकांची ये-जा असते, त्यातले काही रोजचे असतात, कुणी बोलायला येत नाही. लांबवर एक बाई तिच्या कुत्र्याला घेऊन फिरत असते. आम्ही एकमेकींना कधी नाव विचारलेलं नाही. ती दिसली की माझे खांदे खाली येतात, हे मला फार उशिरा लक्षात आलं. त्याआधीचा सगळा वेळ ते कानांपर्यंत चढलेले असतात. एकटं असणं आणि सुनसान जागी असणं यात फरक केला की बऱ्याच जणींना हा धागा आपला वाटेल.

आणि टिपकागद, तुमच्या वहीत हवेच्या शेजारी माझ्यासाठी एक रकाना जास्तीचा: "सुरक्षित वाटतंय का?" त्याचं उत्तर नाही असेल तर पुढच्या ओळींना काही किंमत नाही. भ्यालेला माणूस स्वतःबद्दल जे काही लिहील ते भीतीच लिहीत असते.

टिपकागद

झुळूकताई, हे माझ्या कधी डोक्यातच येत नाही, कारण मला त्याची गरज पडत नाही. रकाना वाढवला.

आजोळ

मंडळी, माझं वय झालं. गुडघे दोन्ही संपावर. जागा वगैरे काही निवडता येत नाही, जी आहे ती गॅलरी. तरी सांगते, एवढंसं आभाळ पुरतं.

मी मात्र वेगवेगळ्या दिवसांची वाट बघत नाही. एकाच बैठकीत हवा बदलताना बघते. वादळी पाऊस यायच्या आधीचा अर्धा तास असतो ना, तो. वारा एकदम पडतो. झाडं अशी उभी राहतात की कुणीतरी दटावलंय. पाखरांचा कलकलाट आधी वाढतो आणि मग अचानक बंद. उजेड पिवळट होतो, समोरच्या भिंतीचा रंग नेहमीचा वाटत नाही. मग कुठूनतरी एक गार झोत येतो, अगदी गार, पानांची फिकी बाजू वर येते, आणि त्यानंतर पहिले टपोरे थेंब. कठड्यावर एक थेंब पडला की त्याचा नाण्याएवढा डाग होतो. दुसरा पडेपर्यंत पहिल्याची कड सुकायला लागलेली असते. मी ते डाग एकमेकांना भेटेपर्यंत बघते.

तुम्ही प्रश्न घेऊन बसता. मी बसते आणि बघते की या अर्ध्या तासात माझ्या मनात कोण कोण येऊन गेलं. वारा पडलेला असताना नेहमी तेच दोघे-तिघे येतात ज्यांच्याशी माझं भांडण आहे. गार झोत आला की ते जातात! दरवेळी! एकदा का हे कळलं, की त्या दोघा-तिघांचा धाक राहत नाही. म्हणजे राग आहे, तो खोटा नाही, पण झुळकीने जाणारा आहे.

वेधशाळा

आजोळकाकू, काय लिहिलंय! तो गार झोत येतो त्याचं कारण सांगतो, तुम्हाला आवडेल. ढगातून पाऊस पडायला लागला की खालच्या कोरड्या हवेत त्यातले काही थेंब पडता पडताच वाफ होऊन जातात. वाफ व्हायला उष्णता लागते, ती आसपासच्या हवेतून घेतली जाते. हवा गार होते, जड होते, खाली कोसळते आणि जमिनीला आपटून सगळीकडे पसरते. म्हणजे तुमच्या गॅलरीत येणारा झोत हा दुसरीकडे आधीच पडत असलेल्या पावसातून आलेला असतो. पावसाच्या पुढे तो धावतो.

त्याच्याबरोबर येणाऱ्या मातीच्या वासावरही बरंच काम झालंय. 1964 मध्ये इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी त्याला पेट्रिकोर असं नाव दिलं. त्यातला एक मुख्य घटक म्हणजे जिओस्मिन, जो मातीतले जिवाणू तयार करतात. आपलं नाक याबाबतीत इतकं तिखट आहे की हवेत त्याचा लवलेश असला तरी कळतं. आणि रिमझिम किंवा मध्यम पावसात हा वास जास्त उठतो, मुसळधार पावसात कमी. हळू पडणारा थेंब सच्छिद्र जमिनीवर टेकला की त्याच्याखाली हवेचे बुडबुडे अडकतात, ते वर येऊन फुटतात आणि वास घेऊन उडतात. जोराच्या पावसात तेवढी उसंतच मिळत नाही.

आता वडीलकीचा सल्ला, सगळ्यांनाच. तो अर्धा तास कितीही सुंदर असला तरी उघड्या माळावर, टेकडीच्या माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली बसून बघू नका. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, साधारण तितके किलोमीटर वीज लांब आहे. हा आकडा तीस सेकंदांच्या आत आला की पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. तुम्ही कोरडे असलात, पाऊस अजून पोचला नसला, तरीही. पाऊस पडतोय त्या जागेपासून कित्येक किलोमीटर दूरही वीज पडते. आत्मचिंतन घरात बसून पुरं करता येतं.

खडूस

हा एक प्रतिसाद तरी निर्विवाद उपयोगाचा.

उंबरठा

बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहितेय.

एक काळ असा होता की मला लोकांनी हेच सांगितलं होतं: जरा एकटी बाहेर जात जा, निसर्गात बस, मोकळं वाटेल. घरातलं माणूस गेलं होतं. मी जायची, बसायची. मोकळं वाटत नव्हतं. तोच शेवटचा आठवडा डोक्यात पहिल्यापासून सुरू व्हायचा, दवाखान्याच्या जिन्यापासून. संपला की परत जिन्यापासून. ऊन असो, पाऊस असो, एका शब्दाचा फरक नाही. टिपकागद म्हणतात की सगळ्या हवेत जे टिकतं ते आपलं. माझं ते सगळ्या हवेत टिकत होतं, पण ते माझं सत्य नव्हतं, दुखणं होतं.

म्हणून हा फरक इथे लिहून ठेवावासा वाटतो. पॉल ट्रॅपनेल आणि जेनिफर कॅम्पबेल यांनी 1999 मध्ये स्वतःबद्दल विचार करण्याचे दोन प्रकार वेगळे केले. एक कुतूहलातून होतो, मी अशी का आहे बरं, असा. दुसरा भीतीतून, नुकसानीतून, अन्यायाच्या आठवणीतून होतो आणि तेच तेच दळत राहतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, एक बाई दगडावर बसून विचार करतेय. आतून एकात काहीतरी नवीन सापडत असतं, दुसऱ्यात नाही.

मला उपयोग झाला तो बसण्याचा नाही, चालण्याचा. नंतर वाचनात आलं की ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये काही लोकांना दीड तास झाडाझुडपांतून आणि काहींना दीड तास वाहत्या रस्त्याच्या कडेने चालायला लावलं होतं. झाडांतून चालून आलेल्यांचं ते दळण कमी झालेलं आढळलं, रस्त्यावरून आलेल्यांचं नाही. 38 जणांचाच प्रयोग आहे, त्यामुळे खडूस यांनी धावून येऊ नये.

आणि चालताना पाऊस आला की मला बरं वाटायचं, कारण पाय कुठे ठेवायचा हे बघावं लागायचं. ओल्या उतारावर जिना आठवत बसता येत नाही. ज्यांची झोप उडालीय, जेवण सुटलंय, रोजचं काही सुचत नाहीये, त्यांनी वही घेऊन एकटं बसायला जाऊ नये, आधी डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जावं, आणि फिरायला जाताना कुणालातरी सोबत घ्यावं. मी बहिणीला घ्यायचे. ती एक अक्षर बोलायची नाही.

टिपकागद

उंबरठा, तुमचा प्रतिसाद मूळ लेखापेक्षा महत्त्वाचा आहे. माझा नियम थोडा बदलायला हवा. सगळ्या हवेत टिकतं ते आपलं, असं सरसकट नाही. सगळ्या हवेत टिकतं आणि तरी दरवेळी थोडं वेगळ्या शब्दांत येतं, ते. अक्षरशः तेच्या तेच वाक्य येत असेल तर तिथे थांबून कुणाला तरी दाखवावं.

खडूस

धावून आलेलो नाही. चांगलं लिहिलंय तुम्ही.

दूरची_वाट

मी जिथे राहतो तिथे वर्षाचे बरेच महिने बर्फ असतो, त्यामुळे माझी बाजू वेगळी आहे. थंडीत बाहेर एकटं असताना स्वतःबद्दल विचार करता येतो हेच मला पटत नाही. शरीर सगळं लक्ष ओढून घेतं. बोटं, कान, नाक, किती वाजले, परतायला किती वेळ, एवढंच. ताज्या बर्फात हवेच्या पोकळ्या खूप असतात, त्या आवाज शोषून घेतात, त्यामुळे आपल्याच जॅकेटची खसखस मोठी वाटते. त्या सगळ्यात "मी कोण" वगैरे प्रश्न हास्यास्पद वाटतो.

विचार येतो तो परत आल्यावर, बूट काढताना. आणि तो प्रश्नाच्या रूपात येत नाही. एखादी गोष्ट सुटलेली असते इतकंच. जाताना जिच्याबद्दल कुरकुरत होतो ती येताना आठवावी लागते. म्हणून माझं म्हणणं, जागेवर लिहू नका. घरी येऊन, अंग गरम झाल्यावर लिहा.

थंडीबद्दल एक व्यावहारिक सूचना. हायपोथर्मिया म्हणजे शरीराच्या आतलं तापमान 35 अंशांखाली जाणं, आणि त्यासाठी बर्फच लागतो असं नाही. 10 अंशांच्या आसपास, भिजलेले कपडे आणि वारा, एवढ्यावरही होतं. त्याची सुरुवातीची लक्षणं म्हणजे गोंधळ, सुस्ती, बोलणं अडखळणं, आणि चुकीचे निर्णय. म्हणजे ज्या मनाच्या भरवशावर आपण बसलोय तेच आधी दगा देतं. अचानक फार शांत, निर्विकार वाटायला लागलं आणि कुडकुडणं थांबलं, तर त्याला समाधी समजू नका. उठा आणि घर गाठा.

मौनी

सगळं वाचलं. माफ करा, पण मला हा सगळा कारभार कचेरीसारखा वाटतो. प्रश्न, नोंद, रकाना, पडताळणी. जिथे जाऊन माणसाने हिशेब विसरावा तिथे तुम्ही खतावणी घेऊन जाताय. पाऊस आला, भिजलो, घरी आलो. यात तुम्हाला स्वतःकडून काय वसूल करायचंय? मी बाहेर जातो कारण तिथे माझ्याबद्दल कुणालाच काही पडलेलं नसतं. ढगाला नाही, वाऱ्याला नाही. थोड्या वेळाने मलाही नाही. तो वेळ मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तुम्ही त्यात पेन काढता.

टिपकागद

मौनी, पेन्सिल. पेन ओल्या कागदावर चालत नाही. :)

गंमत सोडा. तुम्ही म्हणता तो वेळ मला ठाऊक आहे आणि त्याच्याशी माझं भांडण नाही. पण तो आपल्याला मागून मिळत नाही, आणि तो मिळाला म्हणून घरचे प्रश्न सुटत नाहीत. आईवडिलांना आपल्याकडे आणायचं की नाही, हे ढगाला पडलेलं नसलं तरी मला ठरवायचंच असतं. ते मी रात्री अंथरुणात तळमळत ठरवावं, का चार वेगवेगळ्या हवांत चार वेळा उलटून बघून? तुमच्यासारखं नुसतं भिजायला वेगळा दिवस ठेवतो.

दूरची_वाट, घरी येऊन लिहायचं करून पाहिलंय. घरी आलो की मी वाक्य सुधारतो. जागेवरचं ओबडधोबड असतं पण त्यात लाज नसते. तुमच्या थंडीत अर्थातच दुसरा इलाज नाही.

झुळूक

मौनी यांचं पटतंय आणि टिपकागद यांचंही, म्हणजे मी बाईमाणूस असल्याने दोन्हीकडून हो म्हणतेय असं कुणी समजू नये. माझ्यापुरतं: ज्या दिवशी विचार करायला जाते त्या दिवशी काही हाती लागत नाही, आणि ज्या दिवशी नुसती जाते त्या दिवशी परतीच्या वाटेवर एखादं वाक्य तयार होऊन येतं. पण विचार करायला गेले नसते तर नुसती गेले असते का, सांगता येत नाही.

खडूस

मूळ अडचण कुणी बोलतच नाहीये. मोबाइल. 2014 मध्ये टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी लोकांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं नुसतं विचार करत बसायला सांगितलं. सोबत एक बटण, दाबलं की विजेचा सौम्य झटका बसणार. आधी तो झटका सगळ्यांना देऊन झालेला, आणि पैसे मोजू पण हा नको, असं म्हणणाऱ्यांचीच उत्तरं मोजली. तरी 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 बायकांपैकी 6 जणींनी एकदा तरी बटण दाबलं. पंधरा मिनिटं स्वतःची सोबत नको म्हणून! आणि तुम्ही इथे ऋतू पालटेपर्यंतच्या गोष्टी करताय. तुमच्यातल्या किती जणांचा फोन त्या दगडावर शेजारी ठेवलेला असतो?

वेधशाळा

चांगला मुद्दा. पण बघा, ती खोली होती. तिथे काही घडतच नव्हतं. बाहेर हवा असते म्हणजे काहीतरी सतत थोडं थोडं घडत असतं. सावली सरकते, ढगाची कड बदलते. लक्ष हलकेच अडकतं, पण पूर्ण अडकत नाही, उरलेलं मन मोकळं राहतं. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने याच धर्तीवर निसर्गात लक्ष ताजंतवानं कसं होतं याची मांडणी केली आहे. मोबाइल उलट लक्ष पुरतं गिळतो.

फोन घरी ठेवा असं मात्र मी म्हणणार नाही. झुळूक आणि दूरची_वाट यांनी वर लिहिलेलं वाचा आणि ठरवा. बंद करून तळाशी ठेवा.

झुळूक

बंद नाही. चालू, आवाज बंद, आणि बहिणीला माझी जागा दिसत राहील असा.

आजोळ

मला एक विचारायचंय. मनात जे येतं ते लिहायला माझा हात थरथरतो. मी आपलं स्वतःशी बोलते, मोठ्याने. "काय गं, कशाला एवढं मनाला लावून घेतलंस," असं. सून म्हणते आई, शेजारी ऐकतात. हे चालेल का तुमच्या पद्धतीत?

उंबरठा

काकू, चालेल काय, पळेल. स्वतःला "मी" न म्हणता नावाने हाक मारून किंवा "तू" म्हणून बोललं की माणूस स्वतःकडे जरा लांबून बघू शकतो आणि त्रास कमी होतो, हे ईथन क्रॉस यांच्या 2014 च्या प्रयोगांत दिसलंय. त्यांतले लोक मनातल्या मनात बोलत होते. तुम्ही मोठ्याने बोला, शेजारी शहाणे होतील.

अर्धवट

दुसरा प्रयत्न, आज. हवा: ढगाळ, वारा आहे, गवत एका बाजूला झोपलंय. सुरक्षित: हो, डास नाहीत. प्रश्न: लोक मला गंभीरपणे का घेत नाहीत? बसलो. बराच वेळ. एक मुंगी वाळलेली काडी ओढत होती, काडी तिच्या कितीतरी पट लांब. वारा आला की काडी फिरायची आणि मुंगी तिच्याबरोबर अख्खी गोल फिरायची, पण सोडायची नाही. मी हसलो. मग लिहिलं, "कारण मी आधी हसतो आणि मग बोलतो. लोकांनी हसायच्या आत." आणि जरा वेळ गप्प बसलो. हा विनोद नाहीये.

खडूस

पावसात परत जा आणि हेच उत्तर येतं का बघा. सांगा इथे.

मौनी

किंवा नका सांगू.

नवखा_वाटसरू

एक शंका. वारा जोराचा की हलका हे प्रत्येक वेळी सारखं कसं लिहायचं? माझ्या नोंदीत सगळीकडे "बरा वारा" एवढंच येतंय, नंतर वाचून काही कळत नाही.

वेधशाळा

आकडा नको, खूण लिहा. 1805 मध्ये फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने जहाजांसाठी वाऱ्याची श्रेणी बनवली, नंतर तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या. वारा चेहऱ्याला लागतो आणि पानं सळसळतात तो 2. धूळ आणि कागदाचे कपटे उडतात, बारीक फांद्या हलतात तो 4. मोठ्या फांद्या हलतात, तारा शीळ घालतात आणि छत्री धरवत नाही तो 6. त्याच्या पुढे असेल तर लिहीत बसू नका, घरी या.